कडी

हजेरी घेताना मी नावं वाचते,
पोटं वाचत नाही.
डी.एड.ला ते शिकवलंच नव्हतं.

लोकेश हेडाऊ, चौथी ब, राहणार पाचपावली,
तिसऱ्या तासाला बाकावर आडवा होतो.
"काऊन रे?"
"पोट दुखून राह्यलं, मॅडम."
भागाकार आला की बऱ्याच पोट्ट्यांचं पोट दुखतं,
म्हणून मी म्हटलं, बहाणा.

मग त्याची आई आली.
घरचा माग बंद पडल्यापासून
ती गोळीबार चौकात साड्यांना फॉल लावते.
बोटांवर सुईची काळी टिंबं.
"मेयोत नेलं होतं जी. फोटो काढला पोटाचा.
मला वाटलं, गाठच असंल.
डॉक्टरीण म्हणे, पाच दिवसांचं साचून आहे.
शाळेत जात नाही का हा?
मी म्हटलं, शाळेत तर रोज जाते!"
आम्ही दोघी हसलो.
मग दोघीही दाराकडे बघत बसलो.
"संत्र्याचा रस काढून देते मी त्याले,
चोथा फेकते. तर म्हणे,
चोथाच तर पाह्यजे होता, बाई."

दुसऱ्या दिवशी मी वहीची पानं फाडली.
नाव लिहू नका. फक्त आकडा.
मागच्या आठवड्यात किती वेळा?
आधी हशा. कोणीतरी तोंडाने आवाज काढला
(असा एक नमुना प्रत्येक वर्गात असतो,
आमच्याकडे ती गुंजन आहे).
मग अडतीस डोकी खाली.

सात. सहा. सात.
दोन.
तीन, खोडून दोन.
एक, शेजारी रडका चेहरा.
"घरी पाहुणे आहेत."
"शाळेतली कडी तुटली आहे."
"दुखते." एवढंच.
आणि एका चिठ्ठीवर, सुवाच्य अक्षरात:
"मॅडम तुम्ही थांब म्हणता."

ती मी पर्समध्ये ठेवली.
बाकीच्यांचे दोन ढीग केले.
दुसऱ्यात, तिला धरून, तेरा.
तेरा जण रोज माझ्यासमोर पाढे म्हणतात,
खो-खो खेळतात, खिचडीसाठी रांग लावतात
आणि आतल्या आत घट्ट मूठ वळून बसतात.
मी समजत होते, एकटा लोकेश.
लोकेशही तेच समजत होता.

खरं सांगू? मीही धरते.
अकरा ते पाच, सव्वीस वर्षं.
पाणी कमी पिते, मार्चातसुद्धा,
नागपूरच्या मार्चात.

शनिवारी इतवारीत गेले.
पितळी महाग होती, लोखंडी घेतली,
स्क्रूसकट पंचावन्न रुपये.
हेडसर म्हणाले, कोणत्या फंडातून?
शेषराव शिपाई म्हणाले,
"दार सडेल आहे मॅडम, धरणार नाही."
"बघा ना जमलं तर," मी म्हटलं,
"दारानं धरावं. पोरांनी काऊन धरावं?"
त्यांनी आडवी पट्टी ठोकली,
दोनदा हातोडी बोटावर मारून घेतली.

बुधवारी, तिसरा तास.
लोकेशने दोन बोटं वर केली.
करंगळी नाही, दोन बोटं.
माझ्या जिभेवर "थांब" आलं होतं,
सवयीनं, खडू हातात असताना येतं तसं.
मी खडू खाली ठेवला.
"जा."

गुंजननेही आवाज काढला नाही.
भागाकार फळ्यावर अर्धा राहिला.
व्हरांड्याच्या टोकाला कडी लागली, खट.
वरून मेट्रो गेली. वर्ग तिच्याकडे बघत होता,
किंवा बघतोय असं दाखवत होता.

बराच वेळाने तो आला,
ओले हात शर्टाला पुसत,
आणि नेहमीपेक्षा सरळ बसला.
मी उदाहरण पुरं केलं.
"बाकी किती?"
"शून्य, मॅडम!" गुंजन ओरडली.

उत्तर बरोबर होतं.
मी फळ्यावर शून्य काढलं.
मनात म्हटलं, बारा.